शत्रूच्या बंदरावर छुपा छापा: आरमारी युद्धकथा पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

काळोखी रात्र, काळे कपडे, चार निडर माणसं, जहाजाच्या पोटाला चिकटवलेला सुरुंग आणि पहाटे आभाळ उजळून टाकणारा स्फोट. बंदरावरच्या छाप्याची कथा लिहायला घेतलेल्या बहुतेकांच्या वहीत पहिल्या पानावर एवढंच असतं. मी या प्रकारात बरंच लिहिलं आहे आणि इतरांची हस्तलिखितंही वाचतो, म्हणून आधीच सांगतो: स्फोटाची काळजी सगळ्यात शेवटी करा. ही कथा पाण्यावर आणि घड्याळावर चालते. पाणी कुठल्या वेळी कुठे वाहतंय आणि उजाडायला किती अवकाश आहे, एवढं पक्कं ठाऊक असलं की पात्रांच्या अडचणी तुम्हाला शोधत बसाव्या लागत नाहीत. ठाऊक नसलं की लेखक पहारेकऱ्याला शिंक आणतो, मांजर आडवं घालतो, आणि वाचक पुस्तक मिटतो.

पुढच्या पायऱ्या याच हिशेबाने लावल्या आहेत. स्फोटक कसं बनतं हे त्यात नाही. कथेला ते लागत नाही, याबद्दल पायरी ६ मध्ये बोलू.

लिहायला बसण्याआधी जमवायचं साहित्य

- बंदराचा नाविक नकाशा, म्हणजे पाण्याची खोली दाखवणारा. रस्त्यांचा नकाशा इथे निरुपयोगी.
- त्या तारखेचं भरती-ओहोटीचं कोष्टक. बंदर काल्पनिक असेल तर स्वतः बनवलेलं.
- चंद्र आणि सूर्य यांच्या उदयास्ताच्या वेळा.
- त्या महिन्यातलं पाण्याचं तापमान.
- पात्रं वापरणार असलेल्या होडीची किंवा यंत्राची लांबी, वेग आणि ते किती वेळ चालतं याची नोंद.
- दोन-तीन खऱ्या मोहिमांची वर्णनं. जमल्यास दोन्ही बाजूंची.
- एक मोठा कागद, ज्यावर संध्याकाळपासून दुसऱ्या दुपारपर्यंतचे पाव-पाव तास आखले आहेत.

शेवटचा कागद सर्वांत महत्त्वाचा. तो भिंतीवर लावा.

१. आधी बंदर निवडा, माणसं नंतर

पहिल्या कथेसाठी मी काल्पनिक बंदर सुचवतो. खऱ्या बंदराला खऱ्या तारखा आणि खऱ्या नौका चिकटलेल्या असतात, आणि त्या तोंडपाठ असलेले वाचकही. पण काल्पनिक बंदराचाही नकाशा काढावाच लागतो: तोंड कुठे, लाटारोधक भिंत कुठे, तेलाच्या टाक्या कुठे, कुठला धक्का उजेडात आणि कुठला अंधारात. नकाशा नसला की तिसऱ्या प्रकरणात डावीकडे असलेलं दीपगृह सातव्या प्रकरणात उजवीकडे जातं.

बंदराच्या प्रकारावर कथेची लांबीसुद्धा ठरते. फ्रान्समधलं बोर्दो घ्या. ते समुद्रापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, जिरोंदची खाडी ओलांडून गारोन नदीच्या काठी आहे. डिसेंबर १९४२ मध्ये मेजर हॅस्लर आणि त्यांचे ब्रिटिश मरीन सैनिक ‘ट्यूना’ पाणबुडीतून खाडीच्या तोंडाबाहेर उतरले आणि दोघादोघांच्या होड्या वल्हवत आत निघाले. एवढं अंतर एका रात्रीत कापता येत नाही. भरती चढत असेल तेवढा वेळ वल्हवायचं, ओहोटी लागली की काठाला लागायचं, दिवसभर झाडोऱ्यात पडून राहायचं. म्हणजे लेखकाला आयत्या चार-पाच रात्री मिळाल्या, आणि तितकेच लपण्याचे दिवस. त्यातल्या पहिल्याच सकाळी त्यांची काठावरच्या गावकऱ्यांशी गाठ पडली. ही माणसं गप्प बसतील का, या एका प्रश्नावर अख्खं प्रकरण उभं राहतं.

इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया याच्या उलट. तिथे समुद्र थेट बंदराला भिडतो आणि सगळा मामला एका रात्रीचा. कथा आटोपशीर होते, पण प्रत्येक मिनिटाचा हिशेब द्यावा लागतो. नॉर्वेतल्या कॉफ्योर्डसारख्या डोंगरांनी वेढलेल्या, अरुंद आणि खोल पाण्यात मोठी युद्धनौका जाळ्यांच्या कुंपणात बसलेली असते. तिथे माणूस पोहत जात नाही. छोटी पाणबुडी लागते, आणि मग कथा पोलादी डब्यात कोंडलेल्या चौघांची होते.

२. रात्र ठरवा

नवे लेखक इथे हमखास अडकतात, म्हणून जरा थांबून बोलतो.

सगळेच अमावास्या निवडतात. अंधार हवा, म्हणून अमावास्या. पण अमावास्येला उधाणही असतं. चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, आणि म्हणून अरुंद तोंडातून जास्त वेगाने आत-बाहेर करतं. अंधार हवा तर ओढ सोसा, ओढ कमी हवी तर सप्तमी-अष्टमीच्या भांगाच्या, म्हणजे कमी चढ-उताराच्या, दिवसांत अर्ध्या चंद्राचा उजेड सोसा. तुमच्या योजनाकाराला या दोनांतून एक निवडायचं आहे, आणि त्यावरून दोन अधिकाऱ्यांचं भांडण लावता येतं. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, हे लक्षात घेऊन तिसरा कुणीतरी मधला मार्ग सुचवू शकतो. तेवढ्याने रात्र निम्मी होते, ही त्याची किंमत.

आता गणित. दोन माणसांची वल्ह्यांची होडी सलग चालवली तर ताशी तीन सागरी मैलांच्या आसपास जाते. ओहोटीचा प्रवाह तीन मैलांचा असेल तर ती माणसं घाम गाळत जागच्या जागी राहतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणजे आत नेणारं पाणी सहा तास आणि त्यानंतर बाहेर ढकलणारं सहा तास. डिसेंबरातली लांब रात्र आणि जूनमधली आखूड रात्र यांत या चक्राचे किती तुकडे बसतात ते भिंतीवरच्या कागदावर मांडा. अर्धी कथा तिथेच दिसायला लागते.

सापळा: भरती-ओहोटी सगळीकडे सारखी नसते. भूमध्य समुद्रात ती नाममात्र आहे, बाल्टिकमध्येही तसंच. अलेक्झांड्रियाच्या कथेत ‘ओहोटीने त्यांना बाहेर खेचलं’ असं लिहिलंत तर जाणकार वाचक तिथेच हसेल.

अंधाराचाही भरवसा नसतो. ऑक्टोबर १९३९ मध्ये गुंथर प्रीनची जर्मन पाणबुडी यू-४७ स्कापा फ्लो या ब्रिटिश नौदलाच्या तळात शिरली ती अमावास्येच्या सुमाराची रात्र पाहूनच. वर उत्तर ध्रुवप्रकाश झळकत होता. उबदार समुद्रात पाणीच चमकतं: सूक्ष्म जीव ढवळले की वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला निळसर ठिणग्या उडतात आणि होडीमागे उजेडाची रेघ राहते. असं काहीतरी तुमच्या रात्रीत असू द्या.

थंडीबद्दल एकच गोष्ट. ती माणसाला मारते त्याच्या बऱ्याच आधी त्याची बोटं निकामी करते. गाठ सुटत नाही, खटका दाबता येत नाही. थंड पाण्यातल्या कथेत ‘तो कुडकुडत होता’ लिहिण्याऐवजी त्याला एक साधी गाठ सोडायला लावा.

३. नेमकं काय मोडायचं आहे?

‘शत्रूची जहाजं’ हे उत्तर पुरत नाही. मार्च १९४२ मध्ये फ्रान्समधल्या सेंट नाझेर बंदरावर ब्रिटिशांनी घातलेल्या छाप्याचं लक्ष्य जहाज नव्हतंच, सुकी गोदी होती, म्हणजे पाणी काढून जहाज दुरुस्त करायची जागा. ‘टिर्पिट्झ’ ही जर्मन युद्धनौका मावेल एवढी मोठी गोदी अटलांटिकच्या त्या किनाऱ्यावर ती एकच. ती मोडली की ‘टिर्पिट्झ’ला दुरुस्तीसाठी तिकडे येता येणार नाही, म्हणजे ती अटलांटिकमध्ये उतरायचं धाडस करणार नाही. असं कारण वाचकाला पहिल्या वीस पानांत कळलं पाहिजे. त्याचबरोबर ‘मग विमानातून बॉम्ब का टाकत नाहीत?’ हा प्रश्न कथेतल्याच कुणाकडून तरी विचारून घ्या आणि पटणारं उत्तर द्या. नाहीतर वाचक तो शेवटपर्यंत विचारत राहतो.

लक्ष्य जहाज असेल तर त्याच्या तळाखाली किती पाणी आहे ते बघा. उथळ बंदरात जहाज बुडत नाही, तळावर टेकतं. १९ डिसेंबर १९४१ ला इटालियनांच्या छाप्यात अलेक्झांड्रियात ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि ‘व्हॅलियंट’ या दोन ब्रिटिश युद्धनौका अशाच सरळ उभ्या टेकल्या. वरून पाहिलं तर नांगरलेल्याच वाटाव्यात, आणि ब्रिटिशांनी सगळं आलबेल असल्याचा देखावा चालू ठेवला. छापा यशस्वी झाला आहे आणि करवून घेणाऱ्याला ते कळतच नाही. मला हा प्रसंग कुठल्याही आगीच्या लोळापेक्षा जास्त कथेचा वाटतो.

४. माणसं थोडी, आणि प्रत्येकाला काम

सहा ते दहा माणसं पुरेत. त्याहून जास्त असली की वाचक नावं विसरतो. खऱ्या मोहिमांत माणसं बहुधा जोडीने असतात: होडीत दोघं, स्वार होऊन चालवायच्या पाणतीरावर (टॉर्पेडोवर) दोघं. ही जोडी कथेला फार उपयोगी. जोडीदार निवडताना त्यांच्यात एक न मिटलेली गोष्ट ठेवा आणि मग त्यांना सहा तास बोलायला मनाई असलेल्या ठिकाणी बसवा.

वाहनाची निवड काळाप्रमाणे. इटालियन नौदलाचा दोन माणसांनी चालवायचा पाणतीर सुमारे सात मीटर लांब होता, वेग पायी चालणाऱ्या माणसाएवढा, आणि वळायला इतका अडेल की त्याचे स्वार त्याला ‘डुक्कर’ म्हणत. सिंगापूरवरच्या सप्टेंबर १९४३ च्या छाप्यात ऑस्ट्रेलियाहून निघालेल्या चौदा जणांनी ‘क्रेट’ नावाची जुनी मासेमारी नौका वापरली, अंगाला रंग फासला आणि जपानी झेंडा लावून शत्रूच्या समुद्रातून गेले. शेवटच्या टप्प्यात घडीच्या तीन होड्यांत मिळून सहा जण बंदरात शिरले. बाकीचे वाट बघत राहिले. वाट बघणाऱ्यांचं प्रकरण लिहायला विसरू नका, नवे लेखक ते गाळतात.

ऑगस्ट १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीचे जलयोद्धे यंत्राशिवायच गेले. पोहत. त्यांना प्लासीजवळ भागीरथीच्या पात्रात तयार करण्यात आलं. या सगळ्या कामाची सूत्रं भारतीय नौदलाच्या एम. एन. आर. सामंत यांच्याकडे होती, ज्यांना पुढे महावीर चक्र मिळालं. फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात पाकिस्तानी पाणबुडी ‘मांग्रो’ सोडून निघून आलेले आठ बंगाली नौसैनिक या दलाचा गाभा ठरले. बाकीचे बरेचसे विद्यार्थी आणि खेड्यांतली मुलं, नदीत पोहत वाढलेली. छातीवर गमछाने सुरुंग बांधून ती चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंजच्या पाण्यात उतरली. वाहन जितकं साधं तितका माणूस पानावर जास्त दिसतो, म्हणून पहिल्या कथेला मी असाच साधा मार्ग घ्यायला सांगेन.

५. आत शिरायची वाट

बंदराच्या तोंडाशी काय काय असतं याची यादी करा: तरंगता अडसर, पाणतीर अडवणारी पोलादी जाळी, शोधझोत, गस्ती नौका. आणि पाण्यात ठरावीक वेळाने टाकले जाणारे छोटे स्फोटक डबे. हे शेवटचं अनेकांना माहीत नसतं. पाण्यात कुणी असेल तर त्याचा धक्का थेट छातीत बसतो. पाण्याखाली आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि तो कुठून आला हे कानाला कळत नाही. गस्ती नौका जवळ येते आहे की लांब जाते आहे हे न समजणारा पाणबुड्या, एवढ्यावर दोन पानं सहज होतात.

आत शिरण्याची युक्ती बंदराच्या रोजच्या व्यवहारातून निघाली तर पटते. अलेक्झांड्रियात तीन ब्रिटिश विनाशिका आत यायच्या होत्या, म्हणून अडसर उघडला गेला. इटालियन स्वार त्यांच्या मागोमाग आत शिरले. जिब्राल्टरसमोर, तटस्थ स्पेनच्या अल्हेसिरास बंदरात ‘ओल्तेरा’ नावाचं एक इटालियन तेलवाहू जहाज अडकून पडलं होतं. त्याच्या पोटात इटालियनांनी गुपचूप कर्मशाळा थाटली आणि पाण्याखाली दार कापलं. शेजाऱ्यांच्या नजरेत ते एक गंजलेलं, बेवारस जहाज. तुमच्या बंदरातही रोज घडणारं आणि म्हणून कुणी न बघणारं काहीतरी शोधा: कचरा वाहणारा तराफा, पहाटे येणारी पाण्याची बोट, दारू पिऊन उशिरा परतणारे खलाशी.

सापळा: बेशुद्ध केलेला पहारेकरी. त्याची जागा रिकामी दिसते, त्याची पाळी बदलायला कुणीतरी येतंच. हा उपाय वापरलात तर त्या क्षणापासून दुसरं घड्याळ सुरू झालं हे विसरू नका.

६. तपशील: काय द्यायचा, काय सोडायचा

स्फोटकाचं सूत्र, तारांची जुळणी, वजनाचे आकडे यांनी वाचक घाबरत नाही, कंटाळतो. हाताला जाणवणारा तपशील मात्र त्याला पाण्यात उतरवतो. जहाजाचा तळ स्वच्छ नसतो. त्यावर शेवाळ आणि शिंपल्यांचा थर असतो, चुंबक धरत नाही, आधी सुरीने खरवडावं लागतं. तो खरवडण्याचा आवाज आत झोपलेल्या खलाशाला ऐकू जाईल का? तळाला हात लावला की पंपांची थरथर जाणवते. बंदराच्या पाण्याला तेलाचा वास आणि चव असते. माल उतरवत असलेलं जहाज तासातासाने पाण्यातून वर येतं, म्हणजे रात्री पाण्याखाली चिकटवलेली वस्तू सकाळी उघडी पडू शकते. हे सगळं फुकट मिळणारं भांडवल आहे.

प्राणवायूच्या उपकरणाचं एक उदाहरण. शुद्ध प्राणवायूवर चालणाऱ्या बंदिस्त उपकरणातून बुडबुडे येत नाहीत, म्हणून छाप्याला ते सोयीचं. पण सहा-सात मीटरांपेक्षा खोल गेलं की शुद्ध प्राणवायूच घातक ठरू लागतो. आणि मोठ्या युद्धनौकेचा तळ नऊ-दहा मीटर खोल असतो. दिसू नये म्हणून घेतलेलं साधन, आणि काम नेमकं त्याच्या मर्यादेपलीकडे. एवढं सांगितलंत की बाकी यंत्रशास्त्र सोडून दिलं तरी चालतं.

विचित्र खरे तपशील मिळाले तर जपून वापरा. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी चुंबकी सुरुंग बनवला तेव्हा स्फोट लांबवायला बडीशेपेच्या स्वादाच्या गोळ्या वापरल्या, मुलं चघळतात त्या, पाण्यात सावकाश विरघळणाऱ्या. वेळेआधी ओल लागू नये म्हणून त्यावर निरोध चढवले. १९७१ मध्येही नौदलाने निरोध मागवले आणि मागणी वाचून कुणाच्या तरी भुवया उंचावल्या असतीलच. असे प्रसंग हसवतात, आणि पुढच्या पानावर गांभीर्य परत आणायला जागा देतात. मात्र एका कथेत एक पुरे.

७. इशारा कसा मिळणार?

छोटी पायरी, पण हिच्यावाचून योजना हवेत राहते. ‘आजच रात्री’ हा निरोप शत्रूच्या प्रदेशात लपलेल्या माणसांना कसा पोहोचतो? १९७१ मध्ये आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून दोन बंगाली गाणी लागली. पहिलं म्हणजे तयारीला लागा, दुसरं म्हणजे हल्ला करा. लाखो लोकांनी ती ऐकली आणि मोजक्यांना कळली. तुम्ही हीच युक्ती उचलू नका, पण तिचा गुण उचला: निरोप उघड्यावर असावा. रद्द करण्याचा इशारा कोणता आणि तो पोहोचला नाही तर काय, हेही ठरवून ठेवा.

८. काय बिघडणार ते आधीच पेरा

सगळं ठरल्याप्रमाणे झालेला छापा म्हणजे अहवाल. पण बिघाड आकाशातून पडता कामा नये. तो वाहनातून, पाण्यातून किंवा वेळेतून यावा आणि त्याचं बीज दोन-तीन प्रकरणं आधी दिसावं.

वाहनातून: ऑक्टोबर १९४२ मध्ये लाइफ लार्सेन या नॉर्वेजियन नाविकाने ‘आर्थर’ या मासेमारी नौकेतून ‘टिर्पिट्झ’पर्यंत जायचा बेत केला. दोन स्वारपाणतीर नौकेखाली पाण्यात लटकवलेले. जर्मन तपासणीतून ते सुटले, आणि लक्ष्य टप्प्यात आलं असताना वादळात दोन्ही पाणतीर तुटून गेले. वर्षभराने सहा छोट्या पाणबुड्या ‘टिर्पिट्झ’ आणि तिच्या सोबतच्या जर्मन नौकांवर निघाल्या, त्यांतल्या काही वाटेतच गेल्या, पण दोघींनी काम केलं आणि ‘टिर्पिट्झ’ पुढचे काही महिने निकामी झाली. आधीचं अपयश असं पार्श्वभूमीला असलं तर दुसऱ्या प्रयत्नाला वजन येतं.

वेळेतून: जंजिऱ्याच्या तटाला लाय पाटलाने रात्री शिड्या लावल्या आणि मोरोपंतांची माणसं वेळेवर आलीच नाहीत, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यात शत्रूने काहीच केलेलं नाही. तरी ती कुठल्याही चकमकीपेक्षा जास्त चटका लावते, कारण उजाडत चाललेलं आभाळ आणि लावलेल्या शिड्या एकाच चित्रात आहेत.

आणि माणसामुळे. बोर्दोच्या मोहिमेत खाडीच्या तोंडाशीच एक होडी उलटली. दोघं थंड पाण्यात. त्यांना इतर होड्यांच्या मागे ओढत किनाऱ्याच्या शक्य तितकं जवळ नेलं आणि मग सोडावं लागलं, कारण ओहोटी लागायच्या आत पुढे सरकायचं होतं. दोघेही वाचले नाहीत. असा प्रसंग लिहिताना हॅस्लरच्या जागी असलेल्या पात्राला भाषण देऊ नका. दोन वाक्यं बोलू द्या आणि वल्हं उचलू द्या.

९. स्फोट आणि त्याच्या आधीची शांतता

सुरुंग लावणं आणि फुटणं यांत तास असतात. हेच तास कथेचं शिखर. अलेक्झांड्रियात लुईजी दुरांद दे ला पेन्ने आणि एमिलियो बियांकी ‘व्हॅलियंट’खाली स्फोटक ठेवून पकडले गेले. ते काही बोलेनात, म्हणून त्यांना जहाजाच्याच तळातल्या कोठडीत डांबण्यात आलं, म्हणजे स्फोटकाच्या अगदी जवळ. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा दे ला पेन्ने यांनी कप्तान मॉर्गन यांना सांगितलं की जहाज उडणार आहे, माणसं हलवा. कुठे ठेवलंय ते सांगितलं नाही. दोघेही वाचले. १९४५ मध्ये इटलीने दे ला पेन्ने यांना सुवर्णपदक दिलं तेव्हा ते त्यांच्या छातीवर लावलं मॉर्गन यांनीच. हे जसंच्या तसं काल्पनिक म्हणून लिहिलंत तर संपादक ‘फारच जुळवून आणलंय’ म्हणेल.

सेंट नाझेरचं उलट. ‘कॅम्पबेलटाउन’ ही जुनी विनाशिका रात्री १:३४ ला गोदीच्या दारावर धडकवली. नाळेत, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकात, लपवलेली स्फोटकं जर्मनांना सापडलीच नाहीत. सकाळ झाली, काही फुटलं नाही. अधिकारी आणि बघे जहाजावर चढले, आणि दुपारच्या सुमाराला ती फुटली. पकडलेले ब्रिटिश सैनिक ती सगळी सकाळ घड्याळ बघत बसले असतील. त्यांच्या नजरेतून लिहा.

पोला या एड्रियाटिक समुद्रावरच्या तेव्हाच्या ऑस्ट्रियन बंदरातली रात्र आणखी वेगळी. १ नोव्हेंबर १९१८ च्या पहाटे रोसेत्ती आणि पाओलुच्ची या दोन इटालियनांनी ‘व्हिरिबुस उनितिस’ या ऑस्ट्रियन युद्धनौकेला स्फोटक लावलं. वर गेल्यावर कळलं की नौका आदल्याच दिवशी दक्षिण स्लाव्हांच्या राष्ट्रीय परिषदेच्या हवाली झाली आहे. शत्रूच बदलला होता. त्यांनी इशारा दिला, खलाशी उतरले. सांगितलेल्या साडेसहाला काही झालं नाही, तेव्हा काही खलाशी परत चढले. ६:४४ ला स्फोट झाला आणि कप्तान यांको वुकोविच यांच्यासह अनेक जण गेले. चौदा मिनिटं. तुमच्या स्फोटाची वेळ ठरवताना असा थोडा उशीर किंवा घाई ठेवून बघा, कोण कुठे असेल ते बदलत जातं.

१०. परतीची वाट आणि मागे राहिलेले

बहुतेक नवी हस्तलिखितं स्फोटावर संपतात. खऱ्या मोहिमांत तिथून दुसरी गोष्ट सुरू होते. अलेक्झांड्रियाहून निसटलेल्या दोघा इटालियनांकडे खर्चाला ब्रिटिश पाच पौंडांच्या नोटा दिल्या होत्या. इजिप्तमध्ये त्या सहज चालेनात, मोडून घ्यायला गेले आणि वेळ गेला, संशय वाढला, पकडले गेले. कुण्या कचेरीतल्या माणसाने चुकीचं चलन बांधून दिलं, आणि युद्धनौका उडवून आलेली माणसं नोट मोडण्यापायी अडकली. असा क्षुद्र अडथळा शोधा.

बोर्दोला गेलेल्या दहा जणांपैकी फक्त हॅस्लर आणि बिल स्पार्क्स परतले. पकडलेल्या सहांना हिटलरच्या ऑक्टोबर १९४२ च्या हुकुमानुसार गोळ्या घातल्या गेल्या, गणवेशात असूनही. सिंगापूरचा छापा घालणारे सगळे सुखरूप परतले, पण दोस्तांनी त्याची वाच्यता केली नाही, आणि जपान्यांना हे काम आतल्याच कुणाचं वाटलं. १० ऑक्टोबर १९४३ पासून त्यांच्या लष्करी पोलिसांनी ५७ जणांना धरलं. त्यांतले १५ छळाने मेले. त्यांचा छाप्याशी काडीचा संबंध नव्हता. तुमचा नायक घरी पोहोचला म्हणजे कथेचा हिशेब पुरा झाला असं धरू नका. निदान एक प्रकरण बंदरातल्या लोकांना द्या: हमाल, रखवालदार, धक्क्यावर राहणारी मुलं.

११. संवाद आणि शब्द

पाणतीर म्हणायचं की टॉर्पेडो, ते एकदा ठरवा आणि बदलू नका. निवेदनात मराठी आणि खलाशांच्या तोंडी रुळलेले शब्द, असं वाटून घेतलं तरी चालतं. पाण्यातली माणसं पूर्ण वाक्यात बोलत नाहीत. देशभक्तीवर तर मुळीच नाही. ‘दोरी.’ ‘थांब.’ ‘उजेड.’ एवढ्यावर भागतं.

१२. छापायला देण्याआधीची तपासणी

भिंतीवरचा कागद काढा. हस्तलिखितातला प्रत्येक प्रसंग त्यावर वेळेच्या खणात लिहा आणि शेजारच्या खणात पाण्याची दिशा. होडी ओहोटीच्या विरुद्ध तासात चार मैल गेली असेल, चंद्र मावळल्यावर कुणाची सावली पडली असेल, प्राणवायू दोन तासांचा असून माणूस तीन तास खाली राहिला असेल, तर तिथे लाल खूण करा. मग समुद्रावर काम केलेल्या एखाद्या माणसाला हस्तलिखित द्या, सोबत बंदराच्या नकाशाची कोरी प्रत आणि पेन्सिल. कथा आवडली का हे विचारू नका. वाचता वाचता प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी होडी कुठे आहे ते नकाशावर टिंब देऊन दाखवायला सांगा. त्याची टिंबं आणि तुमची टिंबं जिथे जुळत नाहीत, ती पानं पुन्हा लिहायची.